स्थळाची चौकशी: बायोडेटा हातात आल्यापासून फाइल डिलीट करेपर्यंत

दादरला आमच्या वधू-वर केंद्रात येणारे आईवडील खुर्चीत नीट टेकायच्या आतच सांगतात, "ताई, मुलाची सगळी माहिती काढून हवी." सगळी माहिती कुणाचीच निघत नाही. निघाली तरी तिचं करायचं काय, हे ठरलेलं नसतं. म्हणून मी कोरा कागद पुढे सरकवते आणि सांगते, कोणती गोष्ट खोटी निघाली तर तुम्ही हे स्थळ सोडाल, तेवढीच लिहा. यादी सहा-सात ओळींत संपते: आधीचं लग्न, शिक्षण, नोकरी, कर्ज, व्यसन, मारझोड, एखादा आजार. उंची दोन इंच वाढवून लिहिली म्हणून मोडलेलं स्थळ माझ्या पाहण्यात नाही. चौकशी करायची ती या कागदापुरती. बाकी जे हाती लागतं ते कुतूहल, आणि कुतूहलाला रात्री दीडपर्यंत मोबाइल चाळूनही पुरं पडत नाही.

त्या कागदावरच्या ओळी कशा तपासायच्या आणि सापडलेल्यातलं काय धरायचं, काय सोडायचं, ते इथे सांगते. मुलीकडच्यांना जितकं, तितकंच मुलाकडच्यांना. माझी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली, त्यामुळे सवय तिथली आहे. अर्जाला जोडलेल्या प्रत्येक कागदाला आम्ही तीन प्रश्न विचारायचो. कागद खरा आहे का? तो याच माणसाचा आहे का? आणि दोन्ही ठीक असलं तरी त्यावरून हा माणूस हप्ते भरेल असं ठरतं का? इंटरनेटवर चौकशी करणारे पहिल्या प्रश्नात अडकतात, दुसरा विसरतात आणि तिसऱ्याचं उत्तर मनाशी आधीच ठरवून बसलेले असतात.

हा तोच माणूस का?

सुरुवात दुसऱ्या प्रश्नापासून करा, कारण सगळ्यात जास्त घोटाळे तिथे होतात. कांदिवलीच्या एक बाई बातमीचा प्रिंटआउट घेऊन आल्या होत्या. मुलाच्याच नावाच्या माणसाला पुण्यात फसवणुकीच्या गुन्ह्यात अटक झालेली. नाव-आडनाव तंतोतंत. पण बातमीतल्या माणसाचं वय एकेचाळीस आणि आपला मुलगा बत्तिशीचा. "वय चुकून छापलं असेल," बाई म्हणाल्या. त्यांच्या मुलीला मुलगा आवडला होता, त्यांना नव्हता. बातमी हे निमित्त होतं.

अमोल, सचिन, संतोष, राहुल ही नावं आणि पाटील, जाधव, शिंदे, पवार ही आडनावं जुळवलीत तर एकेका जोडीची माणसं विरार लोकलमध्ये मावायची नाहीत. नशीब, आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं. चौकशीला याच्याइतकी सोयीची गोष्ट नाही. (१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचंही नाव येतं. त्यांची लग्नं जुळवणाऱ्यांचं काम आणखी सोपं होईल, पण तोवर मी दुकान बंद केलेलं असेल.)

गूगलमध्ये पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे शब्द सुटे होऊन भलतेच निकाल येत नाहीत. मग मधलं नाव गाळून, मग मधल्या नावाचं फक्त आद्याक्षर ठेवून. दर वेळी जोडीला एक खूण द्या: कॉलेज, कंपनी, गाव. देवनागरीतही शोधा, मराठी पेपरांतलं पुष्कळसं रोमन लिपीत शोधून हाती लागत नाही. रोमन स्पेलिंगचे प्रकारही करून बघा. जाधव मुंबई-पुण्याकडे 'व्ही'नं संपतात, विदर्भातले बरेच 'ओ'नं. चौधरींच्या स्पेलिंगांना तर अंत नाही. नावाखेरीज निदान तीन खुणा जुळल्याशिवाय, म्हणजे वडिलांचं नाव, वय, गाव, शाळा यांपैकी तीन, सापडलेली कोणतीही गोष्ट त्या माणसाच्या खात्यावर लिहायची नाही.

फोटोसाठी गूगल लेन्स वापरा. तोच चेहरा दुसऱ्या नावानं, दुसऱ्या देशात, एखाद्या मॉडेलच्या पानावर निघाला तर विषय तिथेच संपला. काही निघालं नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, फोटो इंटरनेटवर आधी कधी चढला नसेल इतकंच. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्या चित्रातून तारीख-ठिकाण आधीच पुसलेलं असतं, तेव्हा त्यात डोकं घालू नका.

मोबाइल नंबर यूपीआय ॲपमध्ये टाकला की पैसे पाठवण्याआधी बँकेतलं नाव दिसतं. एक रुपयासुद्धा पाठवायला लागत नाही. नाव वेगळं आलं तर लगेच घाबरू नका, आईच्या खात्याला जोडलेला नंबर वापरणारे पुष्कळ आहेत. विचारा. ट्रूकॉलरवर दिसणारं नाव मात्र पुरावा म्हणून धरूच नका. ते इतरांनी आपापल्या फोनमध्ये जसं साठवलंय त्यावरून येतं. आमच्या केंद्रात नोंद असलेल्या एका मुलाचं नाव तिथे 'लोनवाला नको उचलू' असं येत होतं. तो गृहकर्ज विकणाऱ्या कंपनीत कामाला होता आणि कामात चोख होता.

आधीचं लग्न, खटले

मला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या सरकारी वेबसाइटवर आणि ॲपवर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून खटला फुकट शोधता येतो. मुंबईसाठी मात्र एकाच ठिकाणी शोधून भागत नाही. शहर दिवाणी न्यायालय, लघुवाद न्यायालय आणि मॅजिस्ट्रेट कोर्टं यांच्या याद्या वेगवेगळ्या आहेत. मुलगा ठाण्यात वाढला असेल तर ठाणे जिल्हा, मूळ गाव सातारा असेल तर सातारा, असं एकेक करून बघावं लागतं.

आता तिसरा प्रश्न. नाव सापडलं म्हणजे माणूस वाईट, असं होत नाही. धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात घरमालक-भाडेकरूंचे खटले चालतात, आणि गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींतल्या कुटुंबांची नावं तिथे ढिगानं आहेत. आजोबांनी लढायला घेतलेला दावा नातवाच्या नावावर आलेला असतो. रिडेव्हलपमेंटच्या भांडणात अख्ख्या सोसायटीला प्रतिवादी करतात. अपघाताच्या नुकसानभरपाईत तो अर्जदार असू शकतो. म्हणून नावाबरोबर दोन गोष्टी बघा: तो कोणत्या बाजूला आहे आणि कोणतं कलम आहे. चेक न वटल्याचे, म्हणजे कलम १३८ चे, तीन-चार खटले आरोपी म्हणून दिसले, तर कागदावरच्या 'कर्ज' या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढा आणि समोर विचारा.

उलट बाजू आणखी महत्त्वाची. काही सापडलं नाही म्हणजे काही नाही, असं समजू नका. घटस्फोटाचे, पोटगीचे खटले बंद दाराआड चालतात. हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ तर अशा खटल्याचा तपशील छापायलाच मनाई करतं. तेव्हा ऑनलाइन यादीत वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयातलं प्रकरण दिसलं नाही, म्हणून "मुलगा स्वच्छ आहे" असं आत्याला फोन करून कळवू नका.

घटस्फोटित स्थळ असेल तर न्यायालयाच्या हुकुमाची प्रमाणित प्रत मागा आणि अपिलाची मुदत संपली का ते विचारा. स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरीकडून शिक्का मारून आणलेली सोडचिठ्ठी दाखवणारे अजूनही येतात. हिंदू विवाहात असा कागद म्हणजे घटस्फोट नव्हे. काही समाजांतल्या रूढीचा अपवाद कायद्यात आहे, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. असा कागद पुढे आला की मी एकच सांगते, वकिलाला दाखवल्याशिवाय साखरपुड्याचा हॉल बुक करू नका.

आणि समोरच्यांनी पाठवलेला मूळ बायोडेटा, पीडीएफ असो की व्हॉट्सॲपवरचा फोटो, तारखेसकट जपून ठेवा. लग्नासाठी महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली विवाह रद्द करून मागता येतो. पण फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत, आणि कळल्यावरही राजीखुशीनं एकत्र राहिलं नसेल तरच. त्या वेळी "त्यांनी तोंडी सांगितलं होतं" याला फार वजन नसतं.

शिक्षण आणि नोकरी

डॉक्टर असेल तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या वेबसाइटवर नोंदणी क्रमांक शोधता येतो. सीएंसाठी त्यांच्या संस्थेची सोय आहे. इंजिनिअर आणि एमबीए यांची अशी कुठलीच वही नाही, तिथे पदवीचा कागदच बघावा लागतो. डिजिलॉकरमध्ये पदवी असेल तर त्याच्याच फोनवर उघडून दाखवायला सांगा. फाइल मागू नका. विद्यापीठाचं नाव कधी ऐकलेलं नसेल तर विद्यापीठ अनुदान आयोगानं जाहीर केलेली बोगस विद्यापीठांची यादी चाळा.

लिंक्डइनवर कोणी काहीही लिहू शकतो. मी तिथे पदाकडे बघतच नाही, तारखा बघते. बायोडेटात '२०१९ पासून' आणि लिंक्डइनवर २०२२ पासून असेल तर मधली तीन वर्षं कुठे गेली? बहुतेकदा उत्तर साधं असतं: कोविडमध्ये नोकरी गेली, वडील आजारी होते, एमपीएससीची तयारी चालली होती. ते साधं उत्तर सरळ मिळतं की फिरवून, यावरून मला माणूस जास्त कळतो.

नोकरीचा सगळ्यात सरळ पुरावा माझ्या मते पीएफचं पासबुक. कोणत्या कंपनीनं कोणत्या महिन्यात पैसे भरले ते त्यात ओळीनं दिसतं आणि सजवता येत नाही. अर्थात वीसपेक्षा कमी माणसांच्या ऑफिसात सहसा पीएफ नसतो, सरकारी नोकरांचंही वेगळं असतं. शिवाय ते दाखवायचं की नाही हे त्या माणसानं ठरवायचं.

पगाराबद्दल 'पॅकेज' हा आकडा ऐकायचाच नाही. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, वर्षाअखेरीस मिळेल-न मिळेल असा बोनस, सगळं कोंबलेलं असतं. विचारायचं ते एवढंच: दर महिन्याला खात्यात किती जमा होतात आणि त्यातून हप्त्यात किती जातात. अठरा लाखांचं पॅकेज सांगणाऱ्याच्या हातात घराचा, गाडीचा आणि पर्सनल लोनचा हप्ता जाऊन तीस-पस्तीस हजार उरलेले मी बघितलेत, आणि ते तेव्हा, जेव्हा माझ्या टेबलासमोर तो कर्ज मागायला बसला होता. लग्न ठरवताना त्यानं हे कुणाला सांगितलं असेल?

दोन्हीकडचं जमत आलं असेल तर मुलगा-मुलगी दोघांनी आपापला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जांची आणि हप्त्यांची नोंद, काढावा आणि एका टेबलावर बसून एकमेकांना दाखवावा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. सगळे स्कोअरकडे बघतात, ३०० ते ९०० मधला तो एक आकडा. मी आधी खालचं बघते. कर्ज 'क्लोज्ड' आहे की 'सेटल्ड'? सेटल्ड म्हणजे बँकेनं काही रकमेवर पाणी सोडून मिटवलेलं. आणि गेल्या सहा महिन्यांत किती ठिकाणी कर्जासाठी विचारणा झाली? चांगला स्कोअर आणि आठ-दहा ताज्या विचारणा, म्हणजे कुठेतरी पैशांची निकड आहे. ती का, हे विचारायचं. हे सगळं समोरासमोर. दुसऱ्याचा पॅन नंबर मिळवून त्याच्या नकळत रिपोर्ट काढणं म्हणजे त्याच्या नावानं खोटं बोलणं, ते करू नका.

'स्वतःचा फ्लॅट'

मुंबईत याच्याइतकी लवचीक ओळ बायोडेटात दुसरी नाही. वडिलांच्या नावावरचा, आईच्या नावावरच्या म्हाडा लॉटरीतला, पागडीचा, काका-चुलत्यांत अजून वाटणी न झालेला, बांधकाम सुरू असलेला, सगळे 'स्वतःचे' असतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर मालमत्तेचा तपशील टाकून इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा, शोधता येतो. घेणारा, देणारा, क्षेत्रफळ, किंमत दिसते. 'रिडेव्हलपमेंटमध्ये आहे' असं उत्तर आलं तर प्रकल्पाचं नाव विचारून महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, वेबसाइटवर जा. तिथे पूर्ण होण्याची तारीख असते आणि ती किती वेळा पुढे ढकलली तेही कळतं. माणूस खोटं बोलत नसतो, बिल्डर त्याला तीच तारीख सांगत असतो.

भाड्यानं राहणं हा दोष नाही, हे मी दर आठवड्याला कुणाला तरी समजावते. मुंबईत दोन नोकऱ्या करणारं जोडपं भाड्यानं सुखात राहतं. घर आहे, पण चौघा भावांचं वन रूम किचन, तिथे मुलगी कुठे झोपणार हा प्रश्न इंडेक्स टू सोडवत नाही. एकदा घरी जाऊन या.

इन्स्टाग्राम बघून मत बनवताना

इथे जरा स्पष्ट बोलते. मुलाचा बायोडेटा आला की घरचे नोकरी तपासतात आणि मुलीचा आला की इन्स्टाग्राम. गोव्याच्या किनाऱ्यावरचा फोटो, हातात ग्लास, शेजारी कोण मुलगा. त्या ग्लासात काय होतं ते फोटोत दिसत नाही आणि शेजारचा मावसभाऊही असतो. हीच कसोटी मुलाला लावणार असाल तर बोला, नाहीतर फोन खाली ठेवा.

बघायचंच असेल तर एखादी पोस्ट नको, सवय बघा. माणूस दुसऱ्यांशी कसा भांडतो? कॉमेंटमध्ये बायकांना काय भाषा वापरतो? ऑनलाइन जुगाराच्या, 'महिन्यात पैसे दुप्पट'च्या जाहिराती स्वतः पुढे पाठवतो का? हे एकदा दिसलं तर सोडून द्या, वर्षभर दिसलं तर धरा. कॉलेजच्या काळातली पोस्ट तिच्या तारखेसकट वाचा. खातं खासगी असेल तर 'काहीतरी लपवतोय' म्हणू नका. तो अक्कल वापरतोय. भाचीच्या नावानं खोटं खातं काढून फॉलो करणाऱ्या माम्यांना मी केंद्रातून सरळ परत पाठवते.

वॉचमन, वाणी आणि गाव

चाळीत असताना माहिती गॅलरीत मिळायची. टॉवरमध्ये वॉचमन एजन्सीचा, चार महिन्यांत बदलणारा. शेजाऱ्याला शेजाऱ्याचा फ्लॅट नंबर माहीत असतो, नाव नाही. तरी माणसांना विचारण्याला पर्याय नाही, कारण व्यसन आणि मारझोड कोणत्याच वेबसाइटवर नोंदलेली नसते. इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचा वाणी, पूर्वी जिथे राहत होते तिथले जुने शेजारी, शाळेतले मित्र यांना विचारा. मूळ गाव कोकणात असेल तर मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळात ओळख निघतेच. शिमग्याला, गणपतीला घर उघडतं का, भावंडं एकत्र येतात का, हे तिथे लगेच कळतं.

पण सांगणाऱ्याची बाजूही तपासा. गावच्या चुलत्यानं "मुलगा पितो" म्हटलं, तर आधी विचारा की सामाईक जमिनीचं काय चाललंय. भाऊबंदकीनं मोडलेली स्थळं मी पुष्कळ पाहिली आहेत. जुन्या शेजाऱ्यानं फार गुणगान केलं तर त्याचीही एखादी पुतणी त्याच घरात दिलेली असू शकते. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली तर मी ती धरते. एकाच सोसायटीतल्या पाच जणांनी सारख्याच शब्दांत सांगितली तर ती एकाचीच गोष्ट आहे, पाच तोंडांनी फिरलेली. "तुम्ही स्वतः बघितलंत का?" हा प्रश्न विचारला की निम्मी माहिती गळून पडते.

आजारांबद्दल कुणाला बाहेर विचारू नका. दोघांनी एकमेकांना सांगायचं. एक तपासणी मात्र मी सगळ्यांना करायला लावते, थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचे आपण वाहक आहोत का याची. माणूस ठणठणीत असतो, त्याला स्वतःलाही माहीत नसतं. पण दोघेही मायनर असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक असते. साधी रक्ततपासणी आहे. पत्रिकेतले गुण जुळवायला गुरुजींकडे जाता तेव्हा वाटेत लॅब लागतेच.

वयाचा घोळ असेल तर आधार कार्डावर विसंबू नका. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही वय ठरवायला त्याऐवजी शाळा सोडल्याचा दाखलाच धरला.

इथे थांबायचं

"ताई, एक माणूस आहे, पंधरा हजारात कोणाचेही कॉल रेकॉर्ड काढून देतो." असं सांगणारे दरवर्षी भेटतात. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी अशीच एक टोळी उघडकीला आणली होती आणि त्यात खासगी गुप्तहेरांनाही अटक झाली होती. गुप्तहेर नेमणं बेकायदा नाही. तो शेजारीपाजारी विचारेल, ऑफिस आहे का बघेल. पण कॉल रेकॉर्ड, बँकेचं स्टेटमेंट, दुसऱ्याच्या ईमेलचा पासवर्ड आणतो म्हणाला की उठून निघा. उद्या पोलीस पैसे देणाऱ्यालाही बोलावतात. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलंय, आणि लग्न ठरवताना तो कुणी बासनात गुंडाळून ठेवलेला नाही.

माझी रीत सोपी आहे. जे तपासलं ते समोरच्यांना "आम्ही हे बघितलं" असं सांगता आलं पाहिजे. सांगताना जीभ अडखळणार असेल तर ती चौकशी करूच नका.

आणि ऑनलाइन ओळख झालेला परदेशातला डॉक्टर किंवा जहाजावरचा कॅप्टन भेटीआधी पैसे मागत असेल, भेटवस्तू कस्टम्समध्ये अडकली म्हणत असेल, तर तिथे तपासण्यासारखं काही नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे गेले असतील तर त्याच तासात करा.

तुमची माहिती कुठे फिरते आहे

स्वतःचा बायोडेटा एकदा चोराच्या नजरेनं वाचा. पूर्ण जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव, पत्ता, मोबाइल, वडिलांचं पद, आणि 'मामेकुळ' या ओळीत आईचं माहेरचं आडनाव. बँकेत फोनवर ओळख पटवायला आम्ही वर्षानुवर्षं नेमकं हेच विचारत आलो. पहिल्या फेरीत वर्ष, शहर, शिक्षण, नोकरीचं क्षेत्र आणि एका वडीलधाऱ्याचा नंबर पुरतो. पत्रिका आणि मामेकुळ दोघांना पुढे जायचंय हे ठरल्यावर द्या. मुलीचा स्वतःचा नंबर छापू नका.

आधारची झेरॉक्स कुणी मागितलीच तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. कागदावर 'फक्त विवाह नोंदणीसाठी' असं तारखेसह आडवं लिहा. पॅन कार्ड कुठल्याही विवाह केंद्राला लागत नाही, आम्हालाही नाही.

केंद्राला विचारायला लाजू नका: माझा बायोडेटा कोणाला पाठवता, कोणत्या ग्रुपवर टाकता, मी सांगितलं तर काढून टाकता का? डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. घरगुती कारणासाठी माहिती बघणाऱ्या आईवडिलांना तो लागू नाही, पण आमच्यासारख्यांना आहे. संमती घ्यायची, कशासाठी ते सांगायचं, काम संपलं की पुसायचं. 'वधू-वर परिचय ग्रुप नं. ४' वर दोन मुलांची आई झालेल्या मुलीचा बायोडेटा अजून फिरतोय, असं व्हायला नको.

नकार द्यायचा असेल तर दोन ओळींत द्या, कारण सांगायची गरज नाही. चौकशीत जे कळलं ते तिसऱ्या घरी सांगू नका, तुमच्या जावेच्या मुलीसाठी तेच स्थळ आलं असलं तरी. तिला तिची चौकशी करू दे. मग समोरच्यांचे फोटो, बायोडेटा, रिपोर्ट फोनमधून काढा. गॅलरीतून काढलं की ते आधी ट्रॅशमध्ये जातं, तिथूनही काढा. गूगल फोटोजमध्ये आणि बाबांच्या फोनमध्ये त्याच्या प्रती असतातच. फॅमिली ग्रुपवर टाकला असेल तर प्रत्येकाच्या फोनमध्ये आपोआप उतरलेला असतो, त्यांनाही सांगा. आणि प्रिंट काढायला स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲप केला असेल, तर त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये तुमच्या मुलीचा फोटो, पत्ता आणि जन्मवेळ आधीच्या शंभर जणांच्या कागदांशेजारी पडलेली असते. पैसे देताना तिथेच उभं राहून डिलीट करून घ्या. तो करतो, फक्त सांगावं लागतं.